नदीतला वॉलआय आणि सॉगर : जिग, ट्रोलिंग आणि प्रवाहाचं गणित

डाउनरिव्हरकर

मंडळी,

डेट्रॉइट नदीत (मिशिगन आणि कॅनडाच्या सीमेवरची) वॉलआय, म्हणजे गोड्या पाण्यातला एक शिकारी मासा, चढायला लागला की ओळखीच्या सगळ्या ग्रुपांवर दोन प्रश्न हमखास येतात: जिग (शिशाचं डोकं असलेली गरी) कोणत्या रंगाचं लावू, आणि मिन्नो (आमिषाचा छोटा मासा) लावू की प्लास्टिकची अळी? प्रश्न चांगले आहेत, पण त्यांचा नंबर तिसरा-चौथा. नदीत पहिला प्रश्न प्रवाहाचा. तो कळला की पिवळं, नारिंगी, जांभळं काहीही चालतं. नाही कळला तर दुकानातली सगळी जिगं विकत घेऊनही तळ सापडत नाही. म्हणून हा धागा काढतोय. मिसिसिपी, इलिनॉय, मॉमी अशा दुसऱ्या नद्यांवर जाणाऱ्यांनीही भर घालावी.

आधी मासा. ईरी तलावातला वॉलआय मार्चपासून डेट्रॉइट नदीत वर येतो. पाणी चाळिशी ओलांडून ४५-५० फॅरनहाइटकडे सरकलं की अंडी घालण्याचा जोर असतो. घरटं नाही, राखण नाही. दगडगोट्यांच्या तळावर अंडी सोडायची आणि निघायचं. मेमध्ये बराचसा मासा परत ईरीकडे जातो. नदी सेंट क्लेअर तलावापासून ईरीपर्यंत साधारण २८ मैल. एवढ्या पट्ट्यात ही सगळी गर्दी होते, म्हणून एप्रिलमध्ये ट्रेंटन चॅनलमध्ये (नदीच्या एका फाट्यात) बोटीला बोट लागलेली दिसते.

आता प्रवाह. वरचं पाणी जोरात पळतं, तळाचं पाणी दगडगोट्यांशी घासून मंदावतं. मासा त्या मंद थरात, तळापासून वीतभर वर असतो. तुमची बोट मात्र वरच्या वेगवान पाण्यात असते. नुसतं वाहत राहिलात तर बोट पुढे, जिग मागे, दोरी तिरकी. दोरी तिरकी झाली की जिग तळ सोडतं, आणि हाताला काही कळणं बंद होतं. उपाय एकच: बोटीचं नाक प्रवाहाकडे, पुढची इलेक्ट्रिक मोटर हळू चालू, आणि बोट प्रवाहाबरोबरच पण वरच्या पाण्यापेक्षा किंचित हळू खाली जाऊ द्यायची. नजर दोरी पाण्यात शिरते तिथे. ती सरळ उभी दिसली पाहिजे. तिरकी व्हायला लागली की मोटर कमी-जास्त करायची. वारा वरच्या अंगाला लोटत असेल तर उलटं करावं लागतं, बोटीला खाली ढकलावं लागतं. दिवसभर हेच काम. रॉड धरणं त्याच्या मानानं सोपं.

वजन ५/८ ते १ औंस, म्हणजे १८ ते २८ ग्रॅम. पाणी १० ते ३० फूट. दोरी १० पौंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली), पुढे फ्लुरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या दोरीचा) तुकडा, कारण ब्रेडेड दोरी ताणली जात नाही आणि तळाचा प्रत्येक गोटा बोटांत येतो. जिग तळाला टेकवा, सहा-आठ इंच उचला, दोरी ताणलेली ठेवून परत टेकवा. ढिली सोडलीत तर चावा कळणार नाही, आणि चावा बहुतेक वेळा जिग खाली जातानाच येतो. कधी टकटक होते. कधी काहीच होत नाही, पुढच्या वेळी उचलताना जिग जड लागतं, एवढंच. जड लागलं की लगेच मनगटानं हिसका.

---

कुंडलिका

वाचनखूण साठवली. मी रेवदंड्याचा. खाडीत जिताडा आणि तांबोशी गळाला लावतो. ओहोटीचं पाणी ओढायला लागलं की आम्ही शिसं वाढवतो आणि नांगर टाकून एका जागी बसतो. तुम्ही नांगर का टाकत नाही? आणि हे सॉगर काय प्रकरण आहे, वॉलआयचं पिल्लू का?

---

डाउनरिव्हरकर

@कुंडलिका, तुमचा जिताडा दबा धरून बसतो, तुम्हाला त्याची जागा माहीत असते. इथे एप्रिलमधला वॉलआय टोळीनं सरकत असतो, म्हणून बोट वाहती ठेवून लांब पट्टा तपासावा लागतो. टोळी सापडली की तोच पट्टा परत परत. शिवाय ही मोठ्या जहाजांची वाट आहे. हजार फूट लांबीची मालवाहू जहाजं इथून जातात, ती तुमच्यासाठी वळत नाहीत. नांगर टाकायचाच असेल तर वाटेच्या बाहेर, आणि नेहमी नाकाकडून. मागच्या बाजूनं बांधलात तर प्रवाह बोटीत पाणी भरतो.

सॉगर वेगळी जात आहे, वॉलआयचा सख्खा चुलतभाऊ म्हणा. अंगानं लहान. त्याचा जागतिक विक्रमही ८ पौंड १२ औंसच आहे, नॉर्थ डकोटातल्या लेक सकाकाविआमधला, १९७१ सालचा. आमच्या नदीत मुख्य मान वॉलआयचा. सॉगरबद्दल मिसिसिपीवाले सांगतील.

---

मेघा_रेडविंग

मी सांगते, कारण सॉगरला कुणी किंमत देत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. चवीला तो वॉलआयच्या तोडीस तोड आहे, आणि कडाक्याच्या थंडीत हाताला काम तोच देतो.

आधी ओळख. मासा हातात आला की पाठीवरचा पहिला पर उलगडून धरा. पडद्यावर काळ्या ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तर सॉगर. ठिपके नाहीत, फक्त मागच्या टोकाला बुडाशी एक मोठा काळा डाग, तर वॉलआय. वॉलआयच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा रंग असतो. सॉगरच्या अंगावर तपकिरी धब्बे आडवे पसरलेले असतात. दोघांचा संकरही होतो, त्याला सॉगआय म्हणतात, त्यात दोघांच्या खुणा पुसट येतात. दोघांच्याही डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून ते संधिप्रकाशात आणि गढूळ पाण्यात शिकार करतात. गढूळपणात सॉगर वॉलआयपेक्षाही सरस.

आमचा पट्टा म्हणजे मिसिसिपीचा 'पूल ४' (इंग्रजी pool, दोन धरणांमधला नदीचा भाग). रेड विंगच्या वरच्या अंगाला लॉक अँड डॅम ३ (जहाजं वर-खाली नेणारी दारं असलेलं धरण), खाली विस्कॉन्सिनमध्ये आल्माला लॉक अँड डॅम ४, आणि मध्ये लेक पेपिन. चिप्पेवा नदीनं आणून टाकलेल्या वाळूनं मिसिसिपी अडली आणि हा तलाव झाला. इथे वॉलआय-सॉगरला वर्षभर मोकळीक असते, मिनेसोटाच्या आतल्या तलावांसारखा बंद काळ नाही. प्रेअरी आयलंडच्या अणुवीज केंद्राचं कोमट पाणी नदीत येतं, त्यामुळे इतर सगळं गोठलेलं असताना इथे पाणी उघडं राहतं. मग काठावर टक्कल गरुड आणि पाण्यात आम्ही.

धरणाखाली जिग तुमच्या डेट्रॉइटपेक्षा हलकं चालतं, १/४ ते ३/८ औंस. सॉगर खोल भोकात तळाला अगदी चिकटून असतो. वॉलआयसाठी वीतभर उचलत असाल तर सॉगरसाठी दोन बोटं उचला, किंवा जिग तळावर नुसतं घसटत वरच्या अंगाला न्या. तो आमिषाचं शेपूट तेवढं चावून सोडतो, म्हणून मागे एक जादा छोटी गरी जोडतात.

आणि आता महत्त्वाचं, कृपया कुणी हे वगळून पुढे जाऊ नका. ३० फुटांच्या खाली पकडलेला सॉगर "सोडून देऊ" म्हणून खेळासाठी पकडू नका. कटला-रोहूची हवेची पिशवी अन्ननलिकेला नळीनं जोडलेली असते, ते हवा तोंडावाटे सोडू शकतात. वॉलआय आणि सॉगरची पिशवी बंद असते. त्यातला वायू रक्तात हळूहळू शोषला जावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. खोलातून झपकन वर आणला की पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी जठर तोंडातून बाहेर येतं. पाण्यात सोडला तर पोट वर करून तरंगत जातो आणि गरुड उचलतो. खोल भोकात जे मिळेल ते घरी न्यायचं, दिवसाला नेता येणाऱ्या माशांची मर्यादा भरली की थांबायचं किंवा उथळ पाण्यात जायचं. काही जण सुईनं पिशवी टोचून हवा काढतात. हात बसलेला नसेल तर त्यानं आतडं फाटतं, तो उपाय मला मान्य नाही.

---

कुंडलिका

मेघाताई, हे कधीच वाचलं नव्हतं. आमच्याकडेही खोल पाण्यातल्या तांबोशीचं जठर असं तोंडात आलेलं पाहिलंय, कारण आज कळलं.

---

इलिनॉयकाठ

धागा उत्तम, पण ट्रोलिंगवर (चालत्या बोटीमागे आमिष ओढण्यावर) अन्याय होतोय म्हणून लिहितो. :)

मी इलिनॉय नदीवर स्प्रिंग व्हॅलीच्या आसपास असतो. सॉगरसाठी हे नाव सगळ्या मिडवेस्टात माहीत आहे. पाणी मातकट, प्रवाह एकसारखा, आणि मासे नदीच्या वाटेच्या कडेला लांबच्या लांब विखुरलेले. इथे एका जागी जिग नाचवत बसण्यापेक्षा वरच्या दिशेनं ओढत जाणं फायद्याचं.

सामान साधं. तीन कड्यांचं स्विवल. एका कडीला मुख्य दोरी. दुसऱ्या कडीला फूट-दीड फूट दोरी आणि खाली २ ते ४ औंस शिसं. तिसऱ्या कडीला चार-पाच फुटांचा तुकडा आणि टोकाला तरंगणारं मिन्नोच्या आकाराचं लाकडी किंवा प्लास्टिकचं आमिष. शिसं तळावर टेकवत, उचलत जायचं. आमिष तळापासून फूटभर वर पोहत राहतं. शिशाची दोरी मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीची घ्या. ती दगडात अडकली तर फक्त शिसं जातं, बाकी सगळं परत येतं. शिशाऐवजी जड जिग लावलं की त्यालाच डब्युक रिग म्हणतात, एकाच दोरीवर दोन आमिषं. तुमच्या राज्यात एका दोरीला किती गऱ्या चालतात ते आधी बघा.

आता वेगाचं गणित, इथेच बहुतेक जण अडतात. जीपीएस सांगतं तो जमिनीच्या मानानं वेग. आमिषाला कळतो तो पाण्याच्या मानानं वेग. प्रवाह ताशी २ मैल आहे असं धरा. वरच्या दिशेनं जीपीएसवर ०.७ दिसत असेल तर आमिष २.७ च्या वेगानं थरथरतंय, आणि तरी जमिनीवरून रांगत पुढे सरकतंय. एका दगडाआड बसलेल्या माशाला ते बराच वेळ दिसत राहतं. तेच खालच्या दिशेनं जायचं तर जीपीएसवर ४ दाखवलं तेव्हा कुठे आमिषाला २ चा वेग मिळतो, आणि माशासमोरून ते सुसाट निघून जातं. उन्हाळ्यात मासा चपळ असतो तेव्हा खालच्या दिशेनंही चालतं. थंड पाण्यात वरच्याच दिशेनं.

नवख्यासाठी, विशेषतः मुलं बरोबर असतील तर, मी ट्रोलिंगच सांगेन. रॉडचं टोक एकसारखं थरथरत असेल तर आमिष नीट पोहतंय. थरथर थांबली की पान किंवा शेवाळ अडकलंय, दोरी ओढून साफ करा. आठ वर्षांच्या मुलालाही हे समजतं आणि त्याचं लक्ष टिकून राहतं.

---

डाउनरिव्हरकर

वेगाचा मुद्दा लाख मोलाचा. पण नवख्यानं आधी जिगच धरावं हे माझं म्हणणं कायम आहे. ट्रोलिंगमध्ये मासा स्वतःच अडकतो, हाताला काही शिकायला मिळत नाही. जिगवर तासभर काढला की वाळू कुठे, गोटे कुठे, शिंपल्यांचा थर कुठे हे बोटांना समजायला लागतं. मग ट्रोलिंग करतानाही तुम्ही योग्य रेषेवर जाता.

ट्रोलिंगचीच आमच्याकडची एक जुनी पद्धत सांगतो, हॅंडलायनिंग. डेट्रॉइट आणि सेंट क्लेअर या दोन नद्यांवर ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. यात रॉड नसतोच. बोटीच्या काठाला स्प्रिंगचं रीळ, त्यावर बारीक पोलादी तार, तारेच्या टोकाला पौंड-दीड पौंडाचं शिसं. शिशाच्या वर थोड्या थोड्या अंतरावर दोन-तीन कड्या आणि त्यांना वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्यांवर आमिषं. बोट प्रवाहाविरुद्ध रांगते. माणूस एका हातानं तार धरून बसतो, मनगट पुढे-मागे करत शिसं तळाला टेकवत राहतो. मासा लागला की दोन्ही हातांनी तार ओढायची, ढिली झालेली तार रीळ आपोआप गुंडाळतं. मग दोरी हातानं आत. रात्रीच्या अंधारात, जिथे जिग चालत नाही अशा जोराच्या पाण्यात, ही मंडळी शांतपणे मर्यादा भरून घरी जातात. हे शिकायचं असेल तर जुन्या माणसाच्या बोटीत बसा, व्हिडिओवरून जमत नाही.

---

मेघा_रेडविंग

@इलिनॉयकाठ, उन्हाळ्यासाठी विंग डॅमबद्दल लिहाच म्हणत होते, आता मीच लिहिते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मिसिसिपीच्या काठांवरून आत पाण्यात दगड आणि विलोच्या फांद्यांचे बांध घातले गेले, प्रवाह मधल्या वाटेकडे वळावा आणि वाट खोल राहावी म्हणून. १९३० च्या दशकात लॉक अँड डॅम आले, पाणी वर चढलं आणि हे बांध बुडाले. आजही ते तिथेच आहेत.

वरून दिसते ती फक्त पाण्याची खळबळ, आणि ती बांधाच्या थोडी खाली दिसते, प्रवाह तिला पुढे नेतो. त्या खळबळीवरच आमिष टाकलंत तर बांध मागे राहतो. जून ते सप्टेंबर वॉलआय बांधाच्या वरच्या अंगाला, प्रवाह दगडावर आपटून जिथे थोडा थबकतो तिथे असतो. वरच्या अंगाला नांगर टाकून आमिष मागे वाहू द्यायचं, किंवा बांधाच्या माथ्याला जेमतेम खरवडेल अशा खोलीचं आमिष ट्रोल करायचं. मोटरच्या पंख्याची काळजी घ्या, काही बांधांवर दोन-तीन फूटच पाणी असतं.

---

पूर्वा_ॲन_आर्बर

आमच्याकडे दोन लहान मुलं आहेत. नवरा एप्रिलमध्ये डेट्रॉइट नदीतले वॉलआय आणतो. ते मुलांना द्यावेत का? १९७० मध्ये इथे पाऱ्यामुळे मासेमारी बंद करावी लागली होती असं वाचलं आणि धास्तावले.

---

डाउनरिव्हरकर

प्रश्न अगदी योग्य आहे. १९७० चं खरं आहे. कारखान्यांतून सोडलेला पारा माशांत सापडला आणि सेंट क्लेअर, डेट्रॉइट, ईरी या पट्ट्यात बंदी आली. पुढे कारखान्यांचा पारा थांबला, १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा आला, मासा परत आला. पण तळाच्या गाळात जुनं विष अजून आहे. मिशिगनचा आरोग्य विभाग प्रत्येक नदीसाठी, प्रत्येक जातीसाठी महिन्यात किती वेळा खावं याची पुस्तिका काढतो. फुकट आहे, ती बघूनच ठरवा.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पीसीबी (कारखान्यांतून आलेलं एक विषारी रसायन) चरबीत साठतं, म्हणून कातडी, पोटाकडची आणि पाठीच्या कडेची चरबी काढून टाकली, जाळीवर भाजून चरबी गळू दिली की ते बरंच कमी होतं. पारा मांसात असतो, तो कापून किंवा शिजवून जात नाही. तिथे उपाय एकच, लहान मासा खाणं. मोठा, म्हातारा मासा म्हणजे जास्त पारा. त्यामुळे १६-१८ इंची घरी आणा, २५ इंचांच्या पुढच्या माद्या पाण्यात सोडा. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. उथळ पाण्यातली असेल तर ती बहुधा जगते.

रवा लावून तळायला हा मासा उत्तम, बारीक काटे फार नाहीत. गालाचं मांस वेगळं काढा, ते फेकणाऱ्यांचा मला राग येतो.

---

पूर्वा_ॲन_आर्बर

मनापासून आभार. पुस्तिका उतरवून घेतली. आमच्याकडे बोट नाही, नवरा मित्राच्या बोटीतून जातो. काठावरून जमेल असं काही? आणि सासूबाई-सासरे एप्रिलमध्ये पुण्याहून येतायत, त्यांनाही न्यायचंय.

---

मॉमीतीर

ताई, मॉमी नदीवर या. ओहायोत, टोलीडोजवळ, तुमच्यापासून तासाभरावर. ईरीतलाच वॉलआय मार्च-एप्रिलमध्ये पेरिसबर्ग आणि मॉमी या गावांपर्यंत चढतो. साइड कट, ऑर्लीन्स पार्क, ब्लूग्रास आयलंड, बटनवुड या जागा. कमरेपर्यंतचे वेडर (पाणी आत न येऊ देणारी बुटांसकट विजार) घालून लोक पाण्यात ओळीनं उभे असतात. सरकणारं शिसं, त्याच्या खाली दोन-अडीच फूट दोरी, टोकाला तरंगणारं जिग आणि प्लास्टिकचं शेपूट. वरच्या अंगाला तिरकं फेका, शिसं गोट्यांवर टकटक करत खाली येऊ द्या, दोरी खालच्या अंगाला ताणली की परत फेका. शेजाऱ्याच्या लयीत फेकलंत तर गुंता होत नाही.

नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. हंगामात एकच गरी, सूर्योदय ते सूर्यास्त, आणि मासा तोंडाच्या आत गरी लागलेला असला तरच तुमचा. पोटाला, शेपटीला अडकलेला लगेच सोडायचा. सासू-सासऱ्यांनी काठावर बसून बघितलं तर परवाना नको, हातात रॉड धरला की हवा. बाहेरून आलेल्यांना एका दिवसाचा परवाना मिळतो. डेट्रॉइट नदीवर बोटीनं गेलात तर अर्धी नदी कॅनडाची आहे, त्या बाजूला गळ टाकायला ऑन्टारियोचा परवाना लागतो.

पाण्यात शिरताना वेडरला कमरेचा पट्टा घट्ट बांधा. पाय घसरला तर पट्ट्यामुळे आत पाणी पटकन भरत नाही.

---

मेघा_रेडविंग

पट्ट्यावरून आठवलं. ४० अंश फॅरनहाइटच्या थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी १-१०-१ लक्षात ठेवा. श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, शुद्ध जायला साधारण १ तास. पट्टीचा पोहणाराही पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन बुडू शकतो. लाइफ जॅकेट अंगात घातलेलं असलं तरच उपयोग, सीटखालचं नाही. आजी-आजोबांना बोटीत नेणार असाल तर त्यांच्या मापाचं आधी आणून ठेवा, मोठं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं. धरणाखालच्या बंदीच्या पट्ट्यात शिरू नका, आणि बार्ज (मोठी सपाट मालवाहू नाव) दिसला की दोऱ्या गोळा करून बाजूला व्हा.

उरलेलं मिन्नोचं पाणी नदीत ओतू नका, बोटीचा बूच काढूनच रस्त्याला लागा. मिनेसोटात तो कायदाच आहे.

---

इलिनॉयकाठ

+१. एक विचारायचं राहिलं. @डाउनरिव्हरकर, मी एप्रिलमध्ये डेट्रॉइटला पाच तास गाडी चालवून येणार. निघण्याआधी काय बघू?

---

डाउनरिव्हरकर

वारा बघा. दोन-तीन दिवस उत्तरेचा किंवा पूर्वेचा जोराचा वारा असेल तर सेंट क्लेअर तलाव ढवळतो आणि गढूळ पाणी पूर्ण नदीत उतरतं. हात मनगटापर्यंत पाण्यात घातल्यावर बोटं दिसेनाशी झाली तर जिगला चावा मिळणं कठीण. तेव्हा निघू नका. वरच्या तलावांतला बर्फ सुटून खाली येत असेल तरीही थांबा, पाणी एका रात्रीत थंड होतं. वारा पश्चिमेकडून असेल, पाणी ४५ च्या आसपास असेल आणि फूट-दोन फूट खालचं दिसत असेल तर पहाटे निघा. मी नदीकाठच्या वायान्डॉट गावाच्या बाजूला असेन. ३/४ औंसाची जिगं आणा, १ औंसाची थोडी जास्तच आणा. मिन्नो इथेच घ्या, दुसऱ्या राज्यातून आणू नका.